नळ आला, मोटर बोंबलली: जाहिरातीत शिवी आणि घरगुती भाषा कशी वापरावी

इंदुरात नर्मदेचं पाणी दिवसाआड येतं. पहाटे नळ फुसफुसायला लागला की आमच्या सुदामा नगरच्या गल्लीत एकामागून एक मोटरी सुरू होतात. एखाद्या घरची मोटर नुसती गुरगुरत राहते, पाणी काही ओढत नाही. त्या घरातून पहिला शब्द बाहेर येतो तो "च्यायला!" घर मराठी असेल तर. हिंदी घरातून काय येतं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

गेली चौदा वर्षं मी छोट्या दुकानांसाठी मजकूर लिहिते. दिवाळीची पत्रकं, व्हॉट्सॲपचे मेसेज, रिक्षावरच्या भोंग्यातून वाजणारं बोलणं, दुकानाची पाटी. अर्धं काम हिंदीत, अर्धं मराठीत. माझे वडील छापखान्यात खिळे जुळवायचे. एकेक अक्षर हाताने उचलून लावणाऱ्या माणसाला फालतू शब्द परवडत नाही, तेवढं त्यांच्याकडून माझ्याकडे आलं. हल्ली प्रत्येक दुसरा दुकानदार म्हणतो, "ताई, जरा बिनधास्त लिहा ना. एखादी शिवी टाका, पोरं शेअर करतील." मी लगेच नाही म्हणत नाही, कारण शिवीने खरंच काम होतं. पण ती कुठे ठेवायची ते कळलं नाही तर तोटाही तितकाच मोठा होतो. म्हणून माझी रीत सविस्तर सांगते.

सुरुवात "च्यायला"पासूनच करू, कारण सगळ्यांना तोच हवा असतो. हा शब्द "तुझ्या आईला", "त्याच्या आईला" असल्या शिवीचं झिजलेलं रूप आहे. बोलता बोलता "कुणाच्या" ते गळून पडलं, आणि समोरचा माणूस गेला म्हणून शब्द मवाळ झाला. आता तो कुणालाच उद्देशून नसतो. दूध उतू गेलं, च्यायला. पाकीट घरी राहिलं, च्यायला. पण त्याच वाक्यात "तू" किंवा "तुम्ही" आलं की गळालेलं माणूस परत येऊन उभं राहतं. ही दोन वाक्यं मोठ्याने वाचा:

"च्यायला, मोटर परत बंद!"

"च्यायला, तुमची मोटर परत बंद?"

पहिलं वाक्य गिऱ्हाईक स्वतःशी बोलतंय. दुसऱ्यात दुकानदार गिऱ्हाइकाची आई काढतोय. एका "तुमची"ने एवढा फरक पडतो. शिवीच्या वाक्यात तू, तुम्ही, आपण, यातलं काहीही नको, हा माझा सगळ्यात पक्का नियम आहे. आधी ते वाक्य संपू द्या. पूर्णविराम द्या, नवीन ओळ घ्या, मग "तुम्ही" म्हणा.

दुसऱ्या शब्दांत, जाहिरातीतली शिवी गिऱ्हाइकाच्या तोंडची असावी, अडचणीच्या क्षणाची असावी आणि अडचणीलाच दिलेली असावी. ढेकणाला शिवी चालते, घामाला चालते, ऐनवेळी तुटणाऱ्या चपलेच्या अंगठ्याला चालते. गिऱ्हाइकाला, त्याच्या घरच्यांना किंवा शेजारच्या दुकानाला चालत नाही.

आता मोटरवाल्या दादांची गोष्ट. राजवाड्यामागच्या एका गल्लीत त्यांचं पंप-दुरुस्तीचं दुकान आहे. तीन पिढ्या इंदुरातल्या, घरी अजून मराठी. त्यांनी आधी स्वतः लिहिलेला मेसेज असा होता: "आमचे येथे सर्व प्रकारच्या पाण्याच्या मोटरींची दुरुस्ती योग्य दरात व वेळेत करून मिळेल." यात चूक काही नाही, आणि म्हणूनच तो कुणी वाचला नाही. मग त्यांच्या पुतण्याने दुसरा लिहिला. त्यात बाकीचे सगळे मेकॅनिक "साले चोर" होते. तो मी थांबवला. दुसऱ्याच्या धंद्याला असं हिणवणं जाहिरात मानक परिषदेच्या संहितेतही बसत नाही. ही परिषद १९८५ पासून आहे, तिला एएससीआय म्हणतात. पण माझं खरं कारण साधं होतं. तो मेसेज वाचणाऱ्याने गेल्याच महिन्यात त्यातल्या एखाद्या "चोरा"कडून मोटर दुरुस्त करून घेतलेली असते. म्हणजे आपण त्याला मूर्ख ठरवतो.

मी दादांना म्हटलं, "दोन पाण्याच्या दिवशी मला तुमच्याबरोबर पहाटे फिरू द्या." वही घेऊन गेले. लोक जे बोलत होते ते शब्द बदलून न टाकता, जसंच्या तसं लिहून घेतलं. "मोटर रुसली." "टाकी ठणठणीत कोरडी." "आंघोळ गेली खड्ड्यात." एक काकू बादली हातात धरून म्हणाल्या, "आता या तांब्याभर पाण्यात मी काय काय धुऊ?" आणि एक काका, बँकेतून निवृत्त झालेले, अतिशय सभ्य, जिन्यावर बसून एवढंच म्हणाले, "च्यायला, आजच का!" त्या दिवशी त्यांच्याकडे सत्यनारायण होता.

मेसेज तिथेच तयार झाला. दादांनी पाठवला तो हा:

"नळ आला. मोटर बोंबलली.
च्यायला, आजच का!

आधी मोटर बंद करा, नाहीतर जळेल. नुसती गुरगुरतेय, फिरत नाही? बहुतेक कपॅसिटर गेलाय, जास्त वेळाचं काम नाही. फिरतेय पण पाणी ओढत नाही? हवा धरली असेल. फोन करा, काय करायचं ते फोनवरच सांगतो, त्याचे पैसे नाहीत.

पहाटे पाचपासून फोन उचलतो."

यात शिवी एकच आहे आणि ती मथळ्यात नाही, दुसऱ्या ओळीत आहे. मथळ्याचं काम "बोंबलली"ने केलं. या शब्दाला कुणी शिवी म्हणणार नाही, पण तो शिवीइतकाच जोरकस आहे. शिवीनंतर लगेच कामाची गोष्ट येते, मोटर बंद करा. हा क्रम मुद्दाम आहे. शिवी वाचून माणसाला वाटतं की याला माझी अडचण ठाऊक आहे. पुढच्या ओळीने ते सिद्ध केलं नाही तर शिवी नुसती आगाऊपणाची ठरते. "च्यायला, आजच का! आमच्याकडे सर्व प्रकारच्या मोटरींची दुरुस्ती..." असं लिहिलं असतं तर पहिली ओळ फुकट गेली असती. त्या आठवड्यात दादांना हाताखाली आणखी एक मुलगा घ्यावा लागला.

बोलीभाषा म्हणजे शिवी, असा घोटाळा अनेकांच्या डोक्यात असतो. मराठीकडे शिवीच्या अलीकडे केवढा तरी साठा पडून आहे. हात्तिच्या, बोंबला, वाट लागली, खड्ड्यात गेलं, डोक्याला ताप, कंबरडं मोडलं, जीव मेटाकुटीला आला, फजिती झाली. मी नेहमी खालच्या पायरीपासून चढते. "हात्तिच्या"ने भागत असेल तर "च्यायला" कशाला? दहा मजकुरांपैकी आठ-नऊ ठिकाणी भागतं. क्रियापदंही बघा. "बंद पडली" यापेक्षा "बसली", "रुसली", "बोंबलली" यांत जीव आहे. आवाजाचे शब्द तर हक्काने वापरा. गुरगुर, खडखड, भसाभसा, ठणठणीत. त्यांच्यावर आजवर कुणाची तक्रार आलेली नाही.

संबोधनाचंही तसंच. "आपण" लिहिलं की बँकेची नोटीस वाटते. "तू" फक्त खेळाचं सामान किंवा कॉलेजच्या पोरांचे टी-शर्ट विकताना, आणि तेही रीलमध्ये. बाकी सगळीकडे "तुम्ही" आणि साधं क्रियापद: या, बघा, फोन करा. "तुम्ही" ठेवूनही भाषा हवी तितकी घरगुती करता येते.

आता इंदूरचं म्हणून जे आहे ते सांगते, कारण पुण्याहून आलेले मजकूर इथे आपटताना मी पाहिलेत. इथल्या मराठी घरांत मराठी उंबरठ्याच्या आतली भाषा आहे. रस्त्यावर, शाळेत, क्रिकेटच्या मैदानावर हिंदी, तीही "भिया, कां जा रिये हो"वाली (भिया म्हणजे भैया). त्यामुळे आमची मुलं शिव्या हिंदीत देतात. मराठी शिवी त्यांनी ऐकलेली असते ती आजोबांच्या, मामांच्या तोंडून. "च्यायला" वाचताना इंदुरातल्या तिशीतल्या माणसाला आजोबांची आरामखुर्ची आठवते. म्हणून इथे तो शब्द पुण्यामुंबईपेक्षा मऊ लागतो. उलट, तोच भाव हिंदी शिवीत मांडला तर तो सरळ रस्त्यावरचा होतो आणि घरातल्या बाईमाणसांना टोचतो. मराठी मेसेजमध्ये हिंदी शिवी मी कधीच घालत नाही. "भिया" मात्र खुशाल घालते. भिया म्हटलं की इंदूरच्या माणसाचा चेहरा खुलतो, मग तो मराठी असो की मारवाडी.

दोन भाषांच्या शेजारामुळे भलतीकडेही पाय घसरतो. एका रोपवाटिकेसाठी मी "गांडूळखत" असा मथळा केला होता. मराठीत त्यात काय वावगं आहे? पण पाटी भर रस्त्यावर, आणि हिंदी वाचणारा पहिल्या दोन अक्षरांवरच थांबून हसायचा. पोरं पाटीसमोर फोटो काढायला लागली. मालकीणबाई बिचाऱ्या शरमल्या. पाटी बदलून "केंचुआ खाद" केलं, मराठी पत्रकात गांडूळखत ठेवलं. तेव्हापासून मराठी मजकूर हिंदीभाषक शेजारणीला वाचून दाखवल्याशिवाय मी पाटीवर जाऊ देत नाही.

गाव बदललं की शब्दाचं वजन बदलतं, हे जगभरच आहे. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सरकारी पर्यटन संस्थेने पाहुण्यांना बोलावणारी एक मोठी जाहिरात केली, तिच्या शेवटच्या वाक्यात "ब्लडी" हा शब्द होता. ऑस्ट्रेलियात तो उठता-बसता बोलतात. ब्रिटनमध्ये टीव्हीवर ती जाहिरात त्या शब्दासाठी अडवली गेली. भाषा दोन्हीकडे इंग्रजीच. आपल्याकडे कोल्हापूरकडच्या दोस्तांत जे लाडाचं संबोधन आहे, ते इथल्या एखाद्या काकूंच्या फोनवर गेलं तर त्या पुन्हा तुमच्या दुकानाची पायरी चढणार नाहीत.

शिवीने पटतं का, असं मला दुकानदार विचारतात. त्याच २००६ साली अमेरिकेतल्या नॉर्दर्न इलिनॉय विद्यापीठाच्या शेरर आणि सॅगरिन या दोघांनी विद्यार्थ्यांना फी कमी करण्याबद्दलचं एक भाषण दाखवलं. भाषण तेच. फरक एवढाच की काहींना सुरुवातीला "डॅम इट" हा सौम्य शब्द ऐकू आला, काहींना शेवटी, काहींना आलाच नाही. ज्यांना तो ऐकू आला त्यांना भाषण जास्त पटलं आणि बोलणारा जास्त तळमळीचा वाटला. त्याच्या विश्वासार्हतेत मात्र फरक पडला नाही. मी यातून दोन गोष्टी घेते. शब्द सौम्य होता, आणि फी कमी व्हावी हे त्या पोरांना आधीच हवं होतं. ज्याच्या घरी पाणी चढत नाहीये त्याला शिवी पटते. ज्याची मोटर उत्तम चालू आहे त्याच्यावर तिचा काहीच परिणाम होत नाही.

माझी सगळ्यात मोठी चूक शिवीची नव्हतीच, आणि ती मला अजून टोचते. बायकांच्या तोंडी एक खास मराठी वैताग असतो: "जळ्ळं मेलं!" माझी आजी दिवसातून दहा वेळा म्हणायची. घरून लाडू करून विकणाऱ्या एका वहिनींसाठी दिवाळीआधी मी लिहिलं, "जळ्ळं मेलं ते लाडू वळणं! हात दुखले? आमच्याकडे सांगा." वाचून वहिनी हसल्या, मीही खूष. संध्याकाळी त्यांच्या एका जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला. आवाज अगदी शांत होता. "वहिनी, आम्ही परवाच पंचकुइयाहून आलोय." त्यांचे वडील गेले होते. पंचकुइया म्हणजे इथलं मुक्तिधाम. त्या घरात तो मेसेज उघडला गेला, आणि त्यातले पहिले दोन शब्द जळणं आणि मरणं. दुसऱ्या दिवशी वहिनी आणि मी त्यांच्याकडे जाऊन आलो. त्यांनी मोठ्या मनाने घेतलं, पण तो फोन ऐकताना झालेला वहिनींचा चेहरा मी विसरलेले नाही.

तेव्हापासून माझ्यासाठी मराठीत शिवीपेक्षा अशुभ शब्द जड आहे. मेलं, जळलं, मुडदा, मसणात, तिरडी, बोलताना हे कितीही प्रेमळ असोत, कारण बोलताना समोरचं माणूस दिसतं. मेसेज कुठल्या घरात, कुठल्या घटकेला उघडेल ते दिसत नाही. छापायच्या मजकुरातून मी हे शब्द कायमचे काढले. शिवाय मेसेज जाण्याआधी दुकानदाराला यादीवरून एकदा नजर फिरवायला लावते, कुणाकडे सुतक आहे का, कुणी दवाखान्यात आहे का. अडीचशे नावं असतात, दहा मिनिटं लागतात.

तेवढीच असतात, कारण व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीत जास्तीत जास्त २५६ नंबर बसतात, आणि ज्याने तुमचा नंबर जतन केलाय त्यालाच मेसेज पोचतो. म्हणजे वाचणारा ओळखीचा. सैल भाषेला ही जागा सगळ्यात चांगली. बाकी ठिकाणी दारं बंदच आहेत. ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, २०१८ च्या नियमांमुळे जाहिरातीच्या एसएमएसचा नमुना आधी नोंदवावा लागतो. फेसबुक आणि इन्स्टाग्रामच्या पैसे भरून केलेल्या जाहिरातींत शिवराळ भाषेला मनाई आहे. गूगलही उघड शिवी घेत नाही. तिथे "बोंबलली"वर भागवा.

च्या\*\*\* असं तारे टाकून लिहायची फॅशन आली आहे. ती सोडा. तारे दिसले की वाचणारा मनात सगळ्यात घाणेरडा शब्द भरतो, आणि तो तुमच्या नावावर जमा होतो.

कायद्याचं थोडक्यात. अश्लील मजकूर ऑनलाइन टाकणं माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६७ खाली गुन्हा आहे. एका वेब मालिकेच्या खटल्यात मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की शिवराळ भाषा म्हणजे आपोआप अश्लीलता होत नाही. पण ते ऐकायला त्या लोकांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं, लाडू विकणाऱ्या वहिनींनी तेवढं कशाला करायचं? शरीराच्या अवयवांवरच्या आणि नात्यांतल्या संबंधांवरच्या शिव्या म्हणूनच पूर्ण बाद. जातीच्या नावांवरून आलेले शब्द तर त्याहून आधी बाद. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला चारचौघांत जातीवाचक बोलणं १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहेच, आणि कायदा नसता तरी मी ते लिहिलं नसतं. आपण सहज बोलतो असे कितीतरी शब्द मुळात कुणाच्या तरी जातीचं नाव असतात. शंका आली तर विचारा, नाहीतर गाळा. व्यंगावरून आलेले शब्दही नकोत. चष्म्याच्या दुकानाने "आंधळा आहेस का?" लिहून कुणाला बोलवायचं?

सोनं, पूजेचं सामान, शिकवणी, लहान मुलांचं खाणं, औषध. इथे शिवीचा विचारही करू नका.

वेळ एक अशी आहे की सगळं थोडं सैल होतं. होळीपासून रंगपंचमीपर्यंतचे पाच दिवस. शिमग्याला बोंब मारायची आपली जुनीच रीत, आणि इंदुरात तर रंगपंचमीच्या गेरला, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीला, राजवाड्यावर अख्खं शहर रंगात उतरतं. त्या दिवसांत मी "च्यायला" मथळ्यात घेते. गुलाल, पिचकारी, थंडाई, साबण, सगळ्यांना शोभतो. षष्ठीला सकाळी तो मेसेज बंद.

आणि खाण्याच्या दुकानाचं एक. "च्यायला, काय पोहे आहेत!" यापेक्षा मोठी पावती नाही. पण दुकानदाराने स्वतः लिहिली तर ती फुशारकी होते. कुणी गिऱ्हाईक खरंच तसं बोललं असेल तर त्यांना विचारा, "काका, हे असंच छापू का?" हो म्हणाले तर अवतरणचिन्हांत जसंच्या तसं छापा, एक शब्दही इकडचा तिकडे करू नका. नाही म्हणाले तर राहू द्या.

पाठवण्याआधी मी मजकूर सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवते. त्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. मत विचारत नाही, फक्त वाचते आणि त्यांच्याकडे बघते. हसल्या तर मेसेज जातो. "हं" म्हणून दुसरीकडे बघितलं तर शब्द बदलते. मोटरच्या मेसेजला त्या हसल्या आणि म्हणाल्या, "तुझे सासरे अगदी असंच म्हणायचे."

पुढे दादांना पाटीही करायची होती, तोच मजकूर घालून. मी नको म्हटलं. मेसेज दोन दिवसांत वर सरकून जातो, पाटी दहा वर्षं उन्हात उभी असते आणि तिच्याखालून शाळेची मुलं जातात. तिथे "च्यायला" नको, "मोटर बोंबलली?" एवढं पुरे. पेंटर हिंदी बोलणारा. ब्रश हातात घेऊन त्याने विचारलं, "दीदी, बोंबलली मतलब?" मी सांगायला लागले तर दादांनीच उत्तर दिलं, "मतलब बैठ गई." तो म्हणाला, "तो वो बी लिख दूं क्या नीचे?" आता पाटीवर दोन ओळी आहेत. वर लाल रंगात मराठी, खाली निळ्यात: "मोटर बैठ गई, भिया?"